ज्याची ओळ, त्यानेच पुसायची

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा म्हणायचं ते आता केवळ सवयीने. माझे चारही कोपरे पिवळे पडले आहेत, डावीकडची चौकट निखळली आहे आणि छातीवर एक फिकट काळी ओळ आहे. ती कितीही घासली तरी पुरती जात नाही. त्या ओळीचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. एक मात्र आधीच कबूल करतो, मी स्वभावाने भित्रा आहे. ज्याच्या अंगावर रोज कुणीतरी लिहितं आणि रोज कुणीतरी पुसतं, त्याने धीट तरी कशाच्या जोरावर व्हायचं?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. मला एका शाळेसाठी बनवलं होतं. कारागीर पाठीला हुक ठोकताना म्हणत होता, "आता पोरं तुझा जीव खातील." मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. पण शाळेला म्हणे माझ्याहून मोठा फळा हवा होता. मी कोपऱ्यात तसाच उभा राहिलो, आणि एका सकाळी वाटूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बियाण्यांच्या कंपनीचा टेम्पो येऊन मला घेऊन गेला. सगळ्या वाटेत मी पोरांचाच विचार करत होतो.

कंपनी धर्मराजभाऊंची. त्यांचे वडील रखमाजी अण्णा सायकलला बियाण्याच्या पिशव्या बांधून गावोगाव फिरायचे, तिथून ही कंपनी उभी राहिली. भाऊंनी मला बैठकीच्या खोलीत टांगलं. माझ्यासमोरच्या भिंतीत मोठी काचेची खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे पॅकिंगचं दालन. तिथे बायका दिवसभर बियाणं तोलून पिशव्या भरायच्या. बोलता आलं नाही तरी बघता यायचं, म्हणून माझा वेळ बरा जायचा.

माझे ते मानाचे दिवस होते. कोणती गाडी कुठे निघाली, कोण कोणत्या गावच्या बियाण्याच्या प्लॉटवर गेलं, कोणत्या बियाण्याची उगवण पास झाली, सगळं माझ्या अंगावर असायचं. सकाळी आलेला माणूस चहाच्या आधी माझ्याकडे बघायचा. एकदा मात्र घोटाळा झाला. कुणीतरी जागा हवी म्हणून दुसऱ्याची ओळ पुसली, आणि घनसावंगीला जायचा माल केदारखेड्याला जाऊन पडला. भाऊ तरातरा आले आणि सगळ्यांना उभं करून म्हणाले, "आजपासून ज्याची ओळ त्यानंच पुसायची. दुसऱ्यानं बोट लावायचं न्हाई!" तेव्हापासून हा कंपनीचा कायदाच झाला. एकदा एक माणूस रजेवर गेला तर त्याची ओळ तो येईपर्यंत माझ्यावर राहिली, आणि बाकीचे तिच्या कडेकडेने लिहीत राहिले.

मग साक्षी आली. वाटूरच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी, संगणकाची पदवी घेतलेली. पुण्यात नोकरी करून ती परत आपल्या भागात आली होती. पहिल्याच आठवड्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बाहेर फिरणारी माणसं दिवसभर ऑफिसात फोन करून एकच विचारायची, "जरा फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा की." एक माणूस तर जवळपास तेवढ्याच कामाला लागलेला.

साक्षीने भाऊंना सुचवलं, आपण कंपनीपुरतं एक इंट्रानेट बनवू. म्हणजे इंटरनेटसारखंच, पण ते फक्त आपल्या माणसांना दिसणार. ज्याला हवं त्याने शेतात उभं राहून मोबाइलवर बघावं. तयार मिळणारं घ्यावं तर दर महिन्याला माणशी भाडं, आणि हंगामात आमची माणसं दुप्पट होतात. त्यापेक्षा आपल्या गरजेपुरतं बनवून घेऊ, ऑफिसातल्याच एका जुन्या संगणकावर चालवू, असं तिचं म्हणणं. मी तेव्हाच धसकलो. मोबाइलवर दिसायला लागल्यावर भिंतीवरच्या फळ्याकडे कोण बघणार?

भाऊ विचारात पडले. त्या वर्षी त्यांनी थोडे पैसे बाजूला काढून ठेवले होते, ते पॅकिंगच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर बांधायला. तसा शब्दच त्यांनी सगळ्यांसमोर दिला होता. साक्षी म्हणाली, "भाऊ, माझं काम लहानच हाये. दोन्ही बसतंय त्याच्यात."

"बघ बरं ताई," भाऊ म्हणाले. "एकाच पिशवीतून दोन्ही भागवायचंय. तुझ्या कामानं पिशवी रिकामी केली तर पाळणाघर ऱ्हायलं म्हणून समज."

"बसतंय," साक्षी पुन्हा म्हणाली. हा शब्द तिला पुढे फार जड गेला.

तिने माझ्या मधोमध एक आडवी रेघ मारली. रेघेच्या वर चार कामं लिहिली: गोदामातला माल, उगवणीचे निकाल, गाड्या आणि प्लॉटच्या भेटी. इंट्रानेट बनवायला शहरातला एक मुलगा ठरवला होता, मिथुन त्याचं नाव. दर शनिवारी तो लॅपटॉप घेऊन यायचा. त्याने चार कामांचा खर्च सांगितला, तो भाऊंना पटला. रेघेखालची जागा साक्षीने मोकळी सोडली. "ही चार चालू झाली, एक हंगाम वापरली, मंग पुढचं बघू," असं ती सगळ्यांना म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

चूक त्या मोकळ्या जागेत होती. मोकळी जागा दिसली की आमच्या माणसांचे हात शिवशिवतात.

पुढच्याच शनिवारी भारत उठला. हा प्लॉटवर फिरणाऱ्या माणसांचा प्रमुख, उत्साही गडी. "मॅडम, नकाशा पायजे त्याच्यात. वरून काढलेला, उपग्रहाचा. बांध न् बांध दिसला पायजे."

साक्षीने मिथुनकडे बघितलं. "होतं का रे?"

"होतं की," मिथुन म्हणाला. भारतने रेघेखाली ओळ लिहिली.

हिशेबाच्या टेबलावरची शीतल म्हणाली, आपसात गप्पा मारायला एक खिडकी हवी. होतं का? होतं की. तिनेही ओळ लिहिली. कुणाला सहकाऱ्यांच्या वाढदिवसाची आठवण हवी, कुणाला जुन्या कार्यक्रमांचे फोटो. खुद्द साक्षीलाही मोह झाला. सगळ्या आकड्यांचे रंगीत आलेख पहिल्याच पानावर यावेत, असं तिने सुबक अक्षरात लिहिलं. आणि मित्रांनो, आमचा कायदा तुम्हाला माहीत आहेच. लिहिणारे पुष्कळ होते, पुसणारा कुणी नव्हता. दुसऱ्याच्या ओळीला बोट लावायचं नाही, मग ती ओळ कितीही बिनकामाची का असेना. मी भरत चाललो होतो आणि मला सारखं कसंसंच होत होतं.

एका शनिवारी भाऊ स्वतः उठले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझा जीव वर आला. ते पोत्यावर लॉट नंबर टाकायचं जाड काळं पेन होतं. आमच्या कंपनीत घड्याळ नसलेला माणूस सापडेल, हे पेन खिशाला नसलेला सापडायचा नाही. पोतं पावसात भिजलं, हमालाच्या खांद्यावर घासलं, तरी अक्षर जाऊ नये म्हणूनच ते पेन असतं. आणि भाऊंनी त्याच पेनाने माझ्यावर ठळक लिहिलं, 'रखमाजी अण्णांचा जीवनपट, फिल्मसकट, पहिल्या पानावर.'

साक्षीने पेन बघितलं. तिचं तोंड उघडलंसुद्धा. पण अण्णांचं नाव येताच खोलीतले सगळे उभे राहिले होते, आणि तीही उभी राहिली. मला मात्र पहिल्याच अक्षराला ते झोंबलं. हे आता जन्मभर आपल्या अंगावर राहणार, हे मला तिथेच कळलं.

"होतं का?" भाऊंनी विचारलं.

"होतं की," मिथुन म्हणाला.

पुढच्या शनिवारी मिथुन नवा खर्च घेऊन आला. साक्षीने कागद वाचला आणि ती खुर्चीत मागे टेकली. पाळणाघराच्या पैशांसकट सगळी पिशवी त्यात जात होती. "अरे, असं कसं?" ती कशीबशी म्हणाली. "तू तर दर वेळी हो म्हणत होतास."

"मॅडम, तुम्ही इचारलं 'होतं का', मी म्हणलो 'होतं की'," मिथुन गोंधळून म्हणाला. "किती पैशात होतं, हे कुणी इचारलंच न्हाई."

त्याचंही खोटं नव्हतं. भाऊंनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि खाली ठेवला. "करायचंच तर चांगलं करू. पाळणाघर पुढच्या साली बघू मंग," एवढं बोलून ते बाहेर गेले. सगळे गेले तरी साक्षी माझ्यासमोर उभी होती. तिच्या हातात डस्टर होतं. ते माझ्यापर्यंत यायचं आणि मागे जायचं. रेघेखालची तिची स्वतःची एक ओळ सोडली तर तिला काहीच पुसता येत नव्हतं.

आता खिडकीपलीकडचं सांगतो. पॅकिंगच्या दालनात भावना नावाची बाई होती. तीही वाटूरची, साक्षी आणि ती एकाच काळीपिवळी जीपमधून यायच्या. तिची लहान मुलगी प्रियदर्शनी, सगळे तिला पिऊ म्हणायचे. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून पिऊ आईबरोबर यायची आणि रिकाम्या बारदानावर खेळत बसायची. बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळतात, आणि ते ओळखू यावं म्हणून दाण्यांना गुलाबी रंग असतो. मोठा माणूस त्या रंगाने सावध होतो. लहान पोराला मात्र ते दाणे साखर लावलेल्या बडीशेपेसारखे दिसतात.

नव्या खर्चाचा कागद आला त्याच आठवड्यातली गोष्ट. साक्षी खोलीत काम करत होती, तिची पाठ खिडकीकडे होती. मला समोर दिसत होतं. पिऊ रांगत टेबलाखाली गेली, सांडलेले गुलाबी दाणे तिने मुठीत गोळा केले आणि मूठ तोंडाकडे नेली. मित्रांनो, मी फळा आहे. मला ओरडता येत नाही. त्या वेळी माझ्या अंगावर जेवढी म्हणून अक्षरं होती, त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

भावनाचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. तिने झेप घेतली, पोरीच्या तोंडात बोट घालून दाणे काढले. किंकाळी ऐकून साक्षी धावली. तोंड धुतलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून भावनाने पिऊच्या कमरेला ओढणी बांधली आणि ओढणीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. पोर तेवढ्याच वर्तुळात फिरायची. जेवणाच्या सुट्टीत भावनाने खोलीच्या दारातून विचारलं, "साक्षीताई, तुम्ही जीपमधी म्हणल्ता, उन्हाळ्यात पाळणाघर व्हनार. कधी व्हतंय वो?"

साक्षीने समोरचा खर्चाचा कागद उलटा करून ठेवला.

पुढच्या शनिवारी ती लवकर आली. चेहरा ओढलेला. सगळे बसल्यावर तिने डस्टर टेबलावर मधोमध ठेवलं. "कायदा मोडायचा न्हाई," ती म्हणाली. "ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. पण आज प्रत्येकानं उठून सांगायचं. माझी ओळ नसली तर उद्या सकाळी कुणाचं काम अडतंय? अडत असेल तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर पुसा." आणि आधी तिने स्वतःचे रंगीत आलेख पुसले. ते पुसताना तिला वाईट वाटलं. मला तिच्या हातावरून कळलं.

मग भारत उठला, डोकं खाजवत. "मी तर रोज प्लॉटवर जाऊनच ऱ्हायलो. वरून बघून काय करू?" त्याने नकाशा पुसला. शीतल म्हणाली, "गप्पांना आपला ग्रुप हाये की मोबाइलवर," आणि तिनेही पुसलं. एकेक जण उठला. माझं अंग हलकं होत गेलं. वाढदिवस गेले, फोटो गेले. शेवटी रेघेखाली एकच ओळ राहिली, आणि खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

भाऊ जागचे उठले नाहीत. "अण्णांचं नाव मी पुसू?" ते हळू आवाजात म्हणाले. त्या आवाजाची मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. साक्षीची नोकरी गेली, असं मी मनाशी धरून टाकलं.

तरी ती बोलली. "भाऊ, अण्णांचं नाव सगळ्यांच्या तोंडात हाये. पण ती फिल्म एकटीच पाळणाघराचे पैसे खातीये. तुम्ही एकदा खिडकीतून बघा."

भाऊंनी मान वळवली. काचेपलीकडे पिऊ ओढणी ताणून उभी होती, आणि तिचा हात सांडलेल्या दाण्यांपर्यंत पोचत नव्हता.

"पोरीला बांधून का ठेवलंय?" भाऊंनी विचारलं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मोठ्या माणसांना अशा गोष्टी उशिराच कळतात. साक्षीने सगळं सांगितलं, मुठीतल्या दाण्यांपासून दवाखान्यापर्यंत. भाऊ ऐकत राहिले. मग उठले, डस्टर घेतलं आणि माझ्यासमोर आले.

त्यांनी एकदा घासलं. दोनदा घासलं. ओळ हलेना. "जाईना की गं हे!" ते म्हणाले, आणि मग त्यांनी खिशातलं पेन काढून बघितलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हसायची छाती कुणाचीच झाली नाही.

साक्षीने फळ्याचं पेन पुढे केलं. "भाऊ, याच्यानं प्रत्येक अक्षर वरून गिरवा. वाळायच्या आत पुसलं की खालचंही निघतं."

आणि मित्रांनो, भाऊंनी आपल्या वडिलांचं नाव पुन्हा एकदा लिहिलं, पुसण्यासाठी. र गिरवला, पुसला. ख गिरवला, पुसला. एरवी सही करताना कागदाकडे न बघणारा तो माणूस एकेका काना-मात्रेशी थांबत होता. गिरवताना ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून बियाणं इकायला न्यायचे. घरी ठेवायला कुणी नव्हतं." शेवटचं अक्षर पुसून झाल्यावर ते माझ्याकडे पाठ करून बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. खोलीत सगळ्यांचेच डोळे ओले होते. माझे असते तर माझेही झाले असते.

त्या दिवसापासून मिथुनलाही नियम लागला. 'होतं की' म्हणायचं असेल, तर त्याच दमात खर्च सांगायचा. वरच्या चार कामांत पाचवं घालायचं असेल, तर आधी साक्षीकडून चारातलं एक पुसून घ्यायचं. एक काम चालू झालं की त्याचेच पैसे द्यायचे. इंट्रानेट साधंच झालं. पण केदारखेड्याच्या बांधावरून भारतला मोबाइलवर गोदाम दिसायला लागलं आणि फोन वाजायचे थांबले. पॅकिंगच्या दालनाला लागून भिंती उभ्या राहू लागल्या.

माझी भीती मात्र खरी ठरली. माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. एक दिवस मला काढून जिन्याखाली ठेवलं, फाटकी पोती आणि मोडक्या तराजूशेजारी. माझ्या अंगावर जाळी धरली. भंगारवाला एकदा येऊन मला उलटसुलट बघून गेला, तेव्हा मी शाळेची, कारागिराच्या त्या शब्दांची आठवण काढून घेतली.

पण पाळणाघर रंगवून झालं त्या दिवशी भाऊंचा आवाज आला, "तो फळा कुठंय रे?" मला पुसून काढलं आणि नव्या खोलीत टांगलं, पार खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. भाऊ वाकले. त्या फिकट ओळीवर त्यांनी बोट फिरवलं. अजूनही निरखून बघितलं तर 'रखमाजी' वाचता येतं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. मोकळी जागा दिसली म्हणून ती भरू नका. आणि लिहावंसं वाटलंच, तर हातातलं पेन आधी बघून घ्या, कारण आपलं लिहिलेलं पुसायची पाळी कधीतरी आपल्यावरच येते.

माझी धास्ती अजून गेलेली नाही. परवा पिऊ पेन घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिने नेमकी त्या फिकट नावावर एक भलीमोठी वेडीवाकडी सायकल काढायला घेतली. मुलीला न्यायला आलेली भावना दारातूनच ओरडली, "पिऊ, तिथं न्हाई! भाऊंच्या अण्णांचं नाव हाये तिथं!"

भाऊ मागेच उभे होते. ते पिऊशेजारी खाली बसले, तिच्या मुठीतलं पेन हळूच काढून त्यांनी उजेडात धरून नीट बघितलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"काढ," ते म्हणाले. "दांडीवर एक पोरगंबी काढ."